पोकलेन, जेसीबी, ट्रॅक्टर: केबिनची फुटलेली काच बदलताना

केबिनची काच फुटली की मालकाचा पहिला फोन काचवाल्याला जातो आणि पहिला प्रश्न असतो, "कितीला बसेल?" हा प्रश्न तिसरा ठेवा. पहिला प्रश्न, फुटलेली काच कोणत्या प्रकारची होती. दुसरा, ती फुटली कशाने. या दोन गोष्टी न बघता बसवलेली काच एक तर पुन्हा लवकर फुटते, नाहीतर फुटते त्या दिवशी ऑपरेटरला जखमी करते.

मी सातारा-सांगली पट्ट्यात मशिनी भाड्याने देतो. इकडचं काम म्हणजे काळ्या दगडात ब्रेकर (मशीनला लावायचा दगड फोडायचा हातोडा), विहिरी, शेततळी आणि हंगामात ऊस. काचा फुटतच राहतात. ज्यांनी पहिलीच मशीन घेतली आहे किंवा जे नव्याने ऑपरेटर झाले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आपल्याकडच्या बोलीप्रमाणे कुठल्याही कंपनीच्या बॅकहोला जेसीबी आणि एक्स्कॅव्हेटरला पोकलेन म्हटलं आहे.

१. काच फुटल्यावर लगेच काय करायचं

मशीन सपाट जागी घ्या. बकेट जमिनीला टेकवा, सेफ्टी लिव्हर लॉक करा, इंजिन बंद करून चावी खिशात ठेवा. केबिनमध्ये काचेचं काम चालू असताना दुसऱ्या कोणी मशीन चालू केली तर काय होईल हे सांगायला नको. चावी मशीनला ठेवायचीच नाही.

ऑपरेटरच्या डोळ्यात कण गेला असेल तर डोळा चोळू देऊ नका. स्वच्छ पाण्याची हलकी धार सोडा आणि खुपणं थांबलं नाही तर थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. काम दुसऱ्या दिवशी होईल.

मग झाडूला हात लावण्याआधी फोटो काढा. पूर्ण मशीन, नंबर प्लेट, फुटलेली काच जवळून, केबिनमध्ये पडलेला चुरा, दगड सापडला तर तो दगड आणि तासाच्या मीटरचं रीडिंग. काच तडकून चौकटीत तशीच उभी असेल तर दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावून ठेवा. मशीन थोडी हादरली तरी ती सगळी खाली येते.

२. विमा असेल तर काच काढण्याआधी कळवा

इथे बरेच जण पैसे घालवतात. घाईघाईने काच बसवून घेतात, बिल घेऊन विमा कंपनीकडे जातात आणि तिथे ऐकायला मिळतं की नुकसान आम्ही पाहिलंच नाही. आधी कळवा, क्लेम नंबर घ्या. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान पाहणारा माणूस, येणार आहे की फोटोवर भागणार आहे ते विचारा आणि त्यांचं उत्तर मेसेजवर लेखी घ्या.

मशीनचा विमा मोटार पॉलिसीत आहे की ठेकेदाराच्या यंत्रसामग्रीच्या पॉलिसीत, म्हणजे सीपीएममध्ये, ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर दिसेल. मोटार पॉलिसीत सुट्या भागांवर घसारा, म्हणजे जुनेपणाची घट, कापतात. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर तो ५० टक्के असतो, काचेवर मात्र शून्य. म्हणजे काचेची किंमत घसारा न कापता धरली जाते, पण तिच्यासोबतचं रबर बिडिंग, म्हणजे काच चौकटीत धरणारी रबराची पट्टी, अर्ध्यावर येतं. त्यातून पॉलिसीतली ठरावीक वजावट जाते आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही जाते. बाजूची छोटी काच असेल तर आधी हा हिशेब कागदावर मांडा. बऱ्याचदा खिशातून भरलेलं स्वस्त पडतं. पुढची मोठी वळणदार काच असेल तर क्लेम करावा.

हे कागद एका पाकिटात तयार ठेवा:

- आरसी आणि चालू पॉलिसी
- ऑपरेटरचं लायसन्स, त्या प्रकारच्या वाहनाची नोंद असलेलं
- मशीनच्या प्लेटचा फोटो, ज्यात मॉडेल आणि मशीन नंबर स्पष्ट दिसतो
- आधी सांगितलेले फोटो
- काच कोणी मुद्दाम फोडली असेल तर पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत
- काचेचं जीएसटी बिल, मजुरी वेगळी दाखवलेलं

३. काच ओळखा

केबिनमध्ये चार प्रकारचं साहित्य भेटतं. त्यातलं एक तिथे असायलाच नको.

टफन काच. पोकलेन, जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये बाजूच्या, दाराच्या आणि मागच्या काचा बहुतेक हिच्याच असतात. काच सहाशे अंशांच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन गार करतात. त्याने ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते आणि फुटलीच तर तिचे ज्वारीच्या दाण्याएवढे बोथट तुकडे होतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: टफन झालेली काच नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही, कडा घासता येत नाही. हे सगळं टफन करण्याआधीच करावं लागतं. "आणा, इथेच थोडी कापून बसवतो" असं कोणी म्हणाला तर त्याच्याकडची काच टफन नाही.

लॅमिनेटेड काच. दोन काचांच्या मध्ये पारदर्शक पडदा असतो. दगड बसला तर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातात, पण काच जागेवर राहते. पुढच्या बाजूला ही चांगली. सपाट लॅमिनेटेड काच कुशल कारागीर कापू शकतो. ६.३८ मिमी जाडीची म्हणजे तीन-तीन मिमीच्या दोन काचा आणि मध्ये ०.३८ मिमीचा पडदा.

पॉलिकार्बोनेट. हे प्लॅस्टिक आहे. मार सोसण्यात काचेच्या कितीतरी पुढे, म्हणून ब्रेकर आणि पाडकामाच्या मशिनींवर पुढे लावतात. पण यावर ओरखडे लवकर पडतात, वायपर फिरला की धुरकट होतं, आणि थिनर किंवा पेट्रोलने पुसलं तर बारीक तडे जातात. घ्यायचं तर कडक थर दिलेलं घ्या. दुकानात याच्या नावाखाली अ‍ॅक्रिलिक खपवतात. फरक ओळखायला कापलेल्या पट्टीचा तुकडा मागा आणि गॉगल घालून वाकवून बघा. पॉलिकार्बोनेट वाकतं, अ‍ॅक्रिलिक काटकन तुटतं.

चौथी साधी काच, घराच्या खिडकीला असते ती. तालुक्याच्या गावात ही तासाभरात मिळते, स्वस्त असते आणि बसल्यावर दिसायला अगदी तशीच दिसते. फुटते तेव्हा तिचे सुऱ्यासारखे लांब पाते होतात आणि ऑपरेटरचा गळा काचेपासून हातभर लांबही नसतो. दोन दिवसांपुरतीसुद्धा ही बसवू नका. दोन दिवसांसाठी बसवलेली काच मशीन विकेपर्यंत तशीच राहते, हे मी इतक्या मशिनींवर पाहिलं आहे की यावर वाद घालायचीही माझी तयारी नाही.

ओळखायची सोपी खूण काचेच्या कोपऱ्यातला शिक्का. त्यात बनवणाऱ्याचं नाव, काचेचा प्रकार आणि मानकाचा क्रमांक असतो. आपल्याकडे वाहनांच्या सुरक्षा काचेचं मानक आयएस २५५३ भाग २ हे आहे. परदेशी बनावटीच्या काचेवर वर्तुळात ई हे अक्षर आणि ४३आर असं लिहिलेलं दिसेल. शिक्का नसेल तर काचेची कड बघा. लॅमिनेटेडची कड उघडी असेल तर मधल्या पडद्याची रेघ दिसते.

लॅमिनेटेड काचेवर रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान खपली उडाली असेल आणि ती ऑपरेटरच्या थेट नजरेसमोर नसेल, तर रेझिन भरून काम भागतं. टफन काचेची दुरुस्ती होत नाही.

४. ज्या जागी जी होती, तीच का बसवायची

"पुन्हा फुटायला नको, सगळीकडे जाडजूड पॉलिकार्बोनेटच टाकू" असा विचार मनात येतो. तो धोक्याचा आहे. पोकलेनचं दार डाव्या बाजूला असतं. मशीन डावीकडे कलंडली तर दार जमिनीखाली दाबलं जातं आणि ऑपरेटरला मागच्या किंवा पुढच्या काचेतून निघावं लागतं. मागच्या काचेजवळ छोटी हातोडी अडकवलेली दिसते ती यासाठीच. तिथे टफन काच असते कारण ती एका घावात मोकळी होते. त्या जागी पॉलिकार्बोनेट किंवा लॅमिनेटेड बसवलं, किंवा बाहेरून जाळी वेल्ड केली, की माणसाची वाट बंद झाली. आग लागल्यावर मिनिटं मिळत नाहीत.

ब्रेकरचं काम असेल तर मूळ काच तशीच ठेवून पुढे वेगळं गार्ड लावा, तेही कंपनीच्या ठरलेल्या बोल्टच्या जागी. केबिनच्या खांबांना भोक पाडायचं नाही की वेल्डिंग करायचं नाही. मशीन उलटली तर तेच खांब ऑपरेटरला वाचवतात.

आणि काळी फिल्म नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के प्रकाश आत यायला हवा. गडद फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकालही आहे. पण कायद्याचं बाजूला ठेवा. संध्याकाळी सहाला खड्ड्याच्या काठाशी उभा असलेला हेल्पर काळ्या काचेतून दिसत नाही, माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं आहे.

५. फुटली कशाने ते शोधा

दगड लागून फुटली असेल तर प्रश्न मिटला. पण "उभ्या उभ्या फुटली", "दार लावताना फुटली" असं ऑपरेटर सांगत असेल तर तो खोटं बोलतो आहे असं समजू नका. टफन काचेच्या पोटात सतत ताण असतो. कडेला छोटी खपली उडालेली असेल किंवा काच कुठे लोखंडाला टेकत असेल, तर ती एखाद्या साध्या धक्क्याने अख्खी फुटते.

म्हणून नवी काच मागवण्याआधी रिकाम्या चौकटीवरून हातमोजा घालून बोट फिरवा. वेल्डिंगचा थेंब, गंजाचा फुगवटा, वाकलेली कड सापडेल. दाराची बिजागरं झिजून दार खाली उतरलं आहे का पाहा. उतरलेलं दार प्रत्येक वेळी आपटून लावावं लागतं. दाराची चौकट तिरकी झाली आहे का ते कर्ण मोजून कळतं. दोन्ही कर्णांत तीन-चार मिमीहून जास्त फरक असेल तर आधी दार सरळ करून घ्या. वाकड्या चौकटीत सरळ काच दाबून बसवली तर ती कधी ना कधी फुटणार, आणि दोष काचेवर येणार.

काचेच्या खालच्या कडेला रबराचे छोटे ठोकळे असतात, ज्यांवर काचेचं वजन येतं. जुनी काच पडताना ते पडून जातात आणि फिटर नवे टाकत नाही. ते आहेत का ते स्वतः पाहा.

६. कुठून घ्यायची आणि माप कसं द्यायचं

वळणदार काच, भोकं असलेली काच, कडेला काळा पट्टा असलेली काच: ही डीलरकडून किंवा नावाजलेल्या पर्यायी कंपनीची घ्या. मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. एकाच मॉडेलमध्ये मध्येच केबिन बदललेली असते. मशीन नंबर द्या आणि डीलरकडून पार्ट नंबर लिहून घ्या. केबिनची वेगळी प्लेट असेल तर तिचाही फोटो पाठवा. डावी-उजवी ठरवताना ऑपरेटर सीटवर पुढे तोंड करून बसला आहे असं धरतात. जेसीबीत मागे वळून काम करणाऱ्याचा इथे हमखास घोटाळा होतो.

सपाट काच असेल तर जवळच्या मोठ्या शहरातल्या टफनिंग कारखान्यातून बनवून घेता येते. पुणे, कोल्हापूर, नाशिककडे एमआयडीसीत चौकशी करा. टेपने घेतलेली मापं फोनवर सांगू नका. तीन मिमीच्या प्लायवुडचा फर्मा बनवा आणि तो चौकटीत बसवून बघा. भोकांच्या जागा फर्म्यावर पाडून दाखवा. बाहेरची बाजू कोणती ते मार्करने लिहा. भोक आणि कापलेले कोपरे असलेली काच उलटी झाली की भंगार.

रबर बिडिंगमधली काच असेल तर फर्मा चौकटीएवढा ठेवायचा नाही. बिडिंगचा मधला दांडा चौकट आणि काच यांच्या मध्ये येतो. चौकटीचं मोकळं माप ८०० मिमी आणि दांडा ५ मिमीचा असेल तर दोन्हीकडचे मिळून १० गेले, ७९० उरले, त्यातून आणखी एक-दोन मिमी सूट. जुनी काच शाबूत असेल तर तिचंच माप सर्वांत खरं.

जाडी जुन्या तुकड्याची कॅलिपरने मोजा. पाच आणि सहा मिमी डोळ्यांना सारखी दिसते, पण सहाच्या खाचेत पाचची काच खडखडते. ऑर्डरवर लिहून द्या: कडा सगळीकडून घासलेल्या हव्यात, शिक्का हवा. काच हातात आल्यावर पैसे देण्याआधी चारही कडांवरून बोट फिरवा. कडेला खपली असलेली टफन काच परत करा, मग तो कितीही सूट देवो.

काच यायला काही दिवस लागतात. तोवर बाजूच्या काचेच्या जागी पॉलिकार्बोनेटचा तुकडा बोल्ट-पट्टीने अडकवून साधी खोदाई चालेल. पुढची काच नसताना ब्रेकर चालवायचा नाही. काळ्या दगडाची कपची गोळीसारखी येते.

७. जुना चुरा काढणं

सामान: कापत नाहीत असे हातमोजे, बाजूने बंद असलेला गॉगल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, व्हॅक्यूम क्लीनर, जाड पिशव्या.

सगळ्यात आधी एसीच्या जाळ्या आणि सीट कापडाने झाका. हे राहिलं तर काय होतं ऐका: बारीक चुरा एसीच्या नळीत जाऊन बसतो, आणि नवी काच बसवून आठ दिवस झाल्यावर ऑपरेटर ब्लोअर फुल करतो तेव्हा तो थेट डोळ्यांवर उडतो. चुरा आधीच गेला असेल तर डोळ्यांवर गॉगल घालून, दार उघडं ठेवून, जाळ्या काढून आतून ओढून घ्या. फुंकर मारायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही.

चौकटीत अडकलेले तुकडे वरून खाली काढत या, खालून सुरुवात केली की वरचे हातावर पडतात. दाराच्या खालच्या खाचेत, सीटच्या रुळांत, पेडलखाली आणि जॉयस्टिकच्या रबरी बुटात दाणे राहतात. पेडलखाली एक दाणा अडकला तरी पेडल पूर्ण दबत नाही. जॉयस्टिकच्या बुटाशी, स्विचच्या फटींत जिथे व्हॅक्यूमचं तोंड जात नाही तिथे घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा हलकेच दाबून उचला. डोळ्यांना न दिसणारी कूससुद्धा त्याला चिकटून येते. मात्र तो गोळा तिथेच टाकू नका, कुत्रं किंवा गुरं खातील. काचेच्याच पिशवीत घाला.

चुरा दुहेरी पोत्यात बांधून भंगारात द्या. शेताच्या बांधावर ओतायचा नाही. तिथे उद्या बायका भांगलायला अनवाणी बसतात आणि बैल चरतात.

८. रबर बिडिंगमध्ये काच बसवणं

जुनं बिडिंग कडक झालं असेल, नखाने दाबल्यावर खूण राहत असेल, तर नवं घ्या. चौकटीपेक्षा थोडं लांब कापा, कारण रबर पुढे आक्रसतं. जोड कोपऱ्यात आणू नका, सरळ बाजूवर ठेवा.

बिडिंग आधी काचेला चढवा. चौकटीत बसणाऱ्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी पूर्ण फिरवून तिची दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून काढा. खाचेला साबणाचं पाणी लावा. ग्रीस, ऑइल, डिझेल लावू नका, रबर फुगतं. आता एकाने बाहेरून काच तळहाताने दाबायची आणि दुसऱ्याने आतून दोरी हळूहळू ओढायची. दोरी निघते तसा रबराचा ओठ चौकटीवर चढत जातो. बाहेरचा माणूस दोरी जिथे आहे तिथेच दाबत पुढे सरकला पाहिजे. कोपऱ्यावर अडलं तर ओढाताण न करता तिथे पुन्हा साबणाचं पाणी सोडा. हातोडी, स्क्रूड्रायव्हर काचेच्या कडेला लावायचा नाही. शेवटी बिडिंगच्या मधल्या खाचेत लॉक पट्टी भरा. ती राहिली तर काच आज जागेवर दिसते, पण ब्रेकरच्या हादऱ्याने बाहेर येते.

९. पीयूने चिकटवायची काच

बऱ्याच नव्या केबिनमध्ये काच काळ्या पॉलियुरेथेनने, म्हणजे पीयूने, थेट चौकटीला चिकटवलेली असते. इथे घाई आणि सिलिकॉन हे दोन शत्रू. बाथरूमचं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो, ते लोखंडाला गंज आणतं, आणि एकदा ते लागलं की त्यावर पीयू धरत नाही. सिलिकॉनने बसवलेली काच मिळाली तर चौकट पूर्ण खरवडून साफ करावी लागते.

जुनी काच तार किंवा पीयू कापायच्या चाकूने सोडवा. चौकटीवरचा जुना पीयू घट्ट असेल तर तो पूर्ण काढू नका. एक-दोन मिमीचा सपाट थर ठेवा, नवा पीयू त्याच्यावर उत्तम धरतो. पत्रा उघडा पडला किंवा गंज निघाला तर घासून प्राइमर लावा आणि वाळू द्या.

नवी काच कोरडी बसवून बघा. चारही बाजूंची फट सारखी येते ना, ठोकळे कुठे लागतील, ते ठरवा आणि काच व चौकट दोन्हींवर एकाच रेषेत चिकटपट्टीच्या खुणा करा. मग काचेची कड क्लीनरने पुसा आणि काळा प्राइमर लावा. काचेला काळा पट्टा नसेल तर हा प्राइमर सोडायचाच नाही, कारण ऊन काचेतून थेट पीयूवर पडलं की त्याची पकड कालांतराने सुटते.

पीयूची नळी उघडण्याआधी मुदत पाहा. मुदत संपलेला पीयू तालुक्याच्या दुकानांत सर्रास मिळतो. नोझलला व्ही आकाराची खाच पाडा, म्हणजे तळाला १० मिमी रुंद आणि १२ मिमी उंच असा त्रिकोणी धागा येईल. अशा धाग्याला मीटरमागे साधारण ६० मिली पीयू लागतो. म्हणजे ३१० मिलीची नळी पाच मीटरला पुरते. पुढची काच ९० सेमी बाय १०० सेमीची असेल तर परीघ ३.८ मीटर; एक नळी लागेल, पण दुसरी हाताशी ठेवा. मध्येच संपली आणि दुकानात पळावं लागलं तर आधीच्या धाग्यावर साय धरते.

धागा सलग फिरवा, कुठेही तुटू देऊ नका. काच दोघांनी व्हॅक्यूम कपांनी उचलून खुणांवर टेकवा, हलक्या हाताने सारखी दाबा आणि चिकटपट्टीने बांधा. पीयू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो, म्हणून पावसाळ्यात आणि कोकणात तो लवकर धरतो. कोरड्या थंडीत वेळ लागतो. उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर काम करू नका. सकाळी लवकर, सावलीत करा.

नंतर २४ तास मशीन हलवायची नाही. याच जागी मालकांचा धीर सुटतो, कारण साईटवरून फोन येत असतात. भाड्याचा एक दिवस गेला तरी चालेल. त्या काळात एक खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद केबिनचं दार आपटलं की आतली हवा ओल्या पीयूवरची काच बाहेर ढकलते.

१०. बोल्टवर बसणाऱ्या काचा

जेसीबीची मागची वर उचलणारी काच, उघडणाऱ्या बाजूच्या काचा, ट्रॅक्टरची मागची खिडकी: यांना बिजागर, हँडल आणि गॅस शॉकर थेट काचेतल्या भोकातून बोल्टने बसतात. नव्या काचा सर्वांत जास्त इथेच फुटतात, त्याही बसवता बसवता.

प्रत्येक भोकात प्लॅस्टिकचा बुश आणि दोन्ही बाजूंना रबराचा किंवा फायबरचा वायसर हवाच. बोल्ट कुठेही काचेला टेकता कामा नये. सगळे बोल्ट आधी हाताने चार-चार आटे लावा, काच चौकटीत बंद करून मध्यावर आणा, मग आळीपाळीने थोडं थोडं आवळा. रबर किंचित दबलं की थांबा. लांब पान्हा किंवा इम्पॅक्ट गन वापरायची नाही. शॉकर शेवटी लावा, आणि तो कमजोर झाला असेल तर जोडीने बदला. एक नवा, एक जुना लावला की काच पिळली जाते.

पोकलेनची पुढची वरची काच छताखाली सरकते. ती बसवल्यावर दोन्ही बाजूंची खटकी वर पूर्ण अडकते का ते चार वेळा वर-खाली करून पाहा. अर्धवट अडकलेली काच चढावर सुटते आणि ऑपरेटरच्या डोक्यावर येते.

११. ताबा घेण्याआधी

पाण्याची पाइप हलकी सोडून वरून खाली भिजवा आणि आत एकाला बसवून ओल शोधा. प्रेशर वॉशर आठवडाभर लांब ठेवा. वायपरचं ब्लेड नवं टाका. जुन्या रबरात अडकलेली वाळू पहिल्याच दिवशी नव्या काचेवर अर्धवर्तुळ कोरते. बिलावर काचेचा प्रकार, जाडी आणि मशीन नंबर लिहून घ्या. नुसतं "काच १ नग" असं बिल विम्यालाही चालत नाही आणि पुढे तक्रार करायलाही.

बकेटला वेल्डिंग किंवा ग्राइंडिंग करायचं असेल तेव्हा काचांवर ओलं पोतं टाका. ठिणगी काचेत रुतते, तो डाग पुसून जात नाही आणि रात्री समोरच्या दिव्याने सगळी काच चमकते. मे महिन्यात उन्हात तापलेल्या लॅमिनेटेड काचेवर गार पाणी मारू नका, असलेला बारीक तडा एका क्षणात आरपार जातो.

बोल्टवरची काच असेल तर कामाचे पहिले ५० तास झाल्यावर सगळे बोल्ट हाताने तपासा. नवं रबर दबून बसतं आणि बोल्ट सैल होतात. ऑपरेटरच्या डायरीत तासाच्या मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, म्हणजे ५० कधी भरले ते विचारत बसावं लागत नाही.